प्लाक कोण काढतं: पेस्ट की ब्रश?

2016 साली आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात दिसलं की नुसत्या ब्रशने घासा किंवा पेस्ट लावून घासा, एका घासण्यात निघणारा प्लाक, म्हणजे दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर, जवळजवळ सारखाच, सुमारे निम्मा असतो. मग पेस्टचं काम काय? उत्तरासाठी बरंच मागे जावं लागतं.

1683 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या अँटनी फान लेवेनहूकने स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. तो रोज मिठाने दात घासायचा, तरी फटींत थर उरायचाच. व्हिनेगरने दात धुतल्यावर थराच्या बाहेरचे जीव मेले, आतले जगले. हे निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. जिवाणू चिकट आवरणात एकमेकांना धरून राहतात, म्हणून वरून लावलेलं औषध आतपर्यंत सहज पोचत नाही. थर खरवडूनच मोडावा लागतो.

1890 मध्ये विलोबी मिलर या दंतवैद्याने जिवाणूंनी बनवलेल्या आम्लामुळे दात किडतात, हे मांडलं. त्याच दशकात ट्यूबमधली पेस्ट बाजारात आली. तेव्हाच्या पेस्टमध्ये मुख्यतः खडू आणि साबण असायचा. तोंडात फेस झाला की दात स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. प्लाक मात्र फेसाने निघत नाही.

हिरड्यांचा प्रश्न धसाला लावला तो हाराल्ड ल्यो या दंतसंशोधकाने, 1965 मध्ये, डेन्मार्कच्या ऑर्हूसमध्ये. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांनी दात घासणं पूर्ण थांबवलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा स्वच्छता सुरू करताच बऱ्या झाल्या. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग दंतवैद्यकात क्वचितच झाला असेल. हिरड्या सुजण्याचं कारण दातांवर साचणारा प्लाकच, हे त्यातून सिद्ध झालं.

दरम्यान 1950 च्या दशकात पेस्टमध्ये फ्लोराइड आलं. दात किडण्याचं प्रमाण त्याने खरोखर घटलं, पण ते मुख्यतः दाताचं कवच आम्लाला टिकेल असं करून. थर काढून नव्हे. प्लाकवर थेट मारा करणारं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक 1970 मध्ये पुढे आलं, मात्र पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटमुळे ते निष्प्रभ होतं, त्यामुळे मुख्यतः चूळ भरण्याच्या औषधातच राहिलं. मग ट्रायक्लोसान या दुसऱ्या जंतुनाशकाचा काळ आला. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2013 च्या आढाव्यानुसार, साध्या फ्लोराइड पेस्टच्या तुलनेत ट्रायक्लोसान आणि त्याला दातांवर टिकवून धरणारं कोपॉलिमर असलेल्या पेस्टने प्लाक सुमारे 22 टक्क्यांनी कमी झाला. पुढे ट्रायक्लोसानच्या सुरक्षिततेवर शंका वाढल्या आणि 2019 मध्ये अमेरिकेत कोलगेट टोटल या पेस्टमध्ये त्याच्या जागी स्टॅनस फ्लोराइड, म्हणजे कथिलाचं फ्लोराइड, आलं. ते किडीपासून संरक्षण देतंच, शिवाय जिवाणूंची वाढही रोखतं. म्हणजे ब्रशने एकदा काढलेला थर पुन्हा जमायला वेळ लागतो.