संवेदनशील विषयाचा आवाका कमी करणं (माहितीपर भाषण)

विद्यार्थ्याला पाच-सात मिनिटांचं माहितीपर भाषण करायचं असतं आणि तो विषय निवडतो आत्महत्या, व्यसन, नरसंहार, मृत्युदंड किंवा लैंगिक हिंसा, म्हणजे ज्यावर कपाटंच्या कपाटं भरतील एवढं लिहिलं गेलंय आणि ज्याचं नाव काढताच समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी पोटात गोळा येऊ शकतो. एवढ्या मोठ्या विषयातून वेळेत बसेल, नीट समजावून सांगता येईल आणि ऐकणाऱ्याला विनाकारण दुखावणार नाही असा एकच भाग शोधून काढणं, यालाच विषयाचा आवाका कमी करणं म्हणतात. हा विषय टाळायचा प्रकार नाही. बरेच जण घाबरून विषयच सोडून देतात किंवा मग सगळंच थोडं थोडं सांगत सुटतात, आणि दोन्हीमध्ये नुकसान विषयाचंच होतं, कारण अवघड गोष्टीच्या जवळ जायचं असेल तर एखाद्या छोट्या दारातूनच आत शिरावं लागतं.

आधी वेळेचा हिशोब बघू. सगळ्यांना समजेल अशा बेताने बोललं तर मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांत फार तर ६००. त्यातले सुरुवात आणि शेवट मिळून दीडशे गेले, उरले साडेचारशे, आणि तीन मुद्दे घ्यायचे म्हटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला दीडशे शब्द येतात, एक बऱ्यापैकी परिच्छेद बस्स. आता या दीडशे शब्दांत ‘आत्महत्येची कारणं’ कशी बसवणार? बसवायला गेलं की नैराश्य, कर्ज, परीक्षा, घरातले वाद अशी नुसती यादी होते, आणि एवढ्या गुंतागुंतीच्या गोष्टीची यादी करणं म्हणजे ती सोपी असल्याचं सांगणं, जे चुकीचं तर आहेच शिवाय ज्याच्या घरात हे घडलंय त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

दुसरी अडचण भाषणाच्या प्रकाराची आहे. माहितीपर भाषणात समजावून सांगायचं असतं, मन वळवायचं नसतं, आणि विषय रुंद ठेवला की बोलणारा नकळत मतावर घसरतो. ‘मृत्युदंड’ एवढाच विषय असेल तर तिसऱ्या मिनिटाला ‘तो असावा की नसावा’ हे येणारच. इथे एक जुनी चौकट फार कामाला येते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हर्मागोरस नावाच्या ग्रीक वक्तृत्वशिक्षकाने वादाचे मुद्दे चार प्रश्नांत मांडले होते: घडलं का, जे घडलं ते नेमकं काय आहे, ते योग्य की अयोग्य, आणि याचा निवाडा करायचा अधिकार कुणाचा. ती चौकट मुळात खटल्यांसाठी होती, पण विषय निवडताना सुद्धा चालते. माहितीपर भाषणाचं घर पहिल्या दोन प्रश्नांत आणि त्यांना जोडून येणाऱ्या ‘हे घडतं कसं’ या आणखी एका प्रश्नात असतं, तिसऱ्या प्रश्नाला हात लावला की भाषणाचा प्रकार बदलायला लागतो. त्यामुळे ठरवलेल्या विषयाच्या वाक्यात ‘पाहिजे’, ‘असावं’, ‘बंद करा’ असे शब्द आले की समजायचं, विषय अजून बरोबर कापलेला नाही.

प्रत्यक्ष कापायचं कसं ते एका उदाहरणात नीट दिसतं. विषय आत्महत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ७ लाखांहून जास्त माणसं आत्महत्येने जातात, हा आकडा ऐकून लोक सुन्न होतात पण त्यातून त्यांना समजत काहीच नाही. मग पहिली कात्री: कारणांऐवजी प्रतिबंध घ्यायचा. प्रतिबंध पण मोठाच आहे, त्यात उपचार, हेल्पलाइन, कीटकनाशकांवरची बंदी, शाळेतले कार्यक्रम असं बरंच येतं, म्हणून दुसरी कात्री: फक्त बातम्या. डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली दाखवलं होतं की पहिल्या पानावर झळकलेल्या आत्महत्येच्या बातम्यांनंतर आत्महत्यांची संख्या वाढते, तेव्हा बातमी कशी दिली जाते याला महत्त्व आहे. तिसरी कात्री: एक शहर, एक साल. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नामध्ये भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या वाढल्या होत्या आणि पेपरवाले त्या भडकपणे छापत होते, १९८७ च्या मध्यावर तिथल्या आत्महत्या प्रतिबंध संघटनेने पत्रकारांना मार्गदर्शक सूचना दिल्या, पेपरांनी त्या बऱ्याच अंशी पाळल्या आणि त्याच वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत या घटना झपाट्याने कमी झाल्या. आता हेतुवाक्य, म्हणजे भाषणात काय सांगणार हे सांगणारं एक वाक्य, तयार होतं: ‘१९८७ साली व्हिएन्नामधल्या पेपरांनी आत्महत्येच्या बातम्या देण्याची पद्धत कशी बदलली आणि त्यानंतर काय दिसलं हे मी श्रोत्यांना समजावून सांगणार आहे.’ यात आधी काय छापलं जायचं, सूचनांत काय होतं, नंतर काय झालं असे तीन मुद्दे आपोआप निघतात. एका शहराचा अनुभव आहे आणि इतर कारणंही असू शकतात हे मात्र बोलणाऱ्याने स्वतःहून सांगायला हवं.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट झाली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. विषय लहान होताना नुसता वेळ वाचला नाही, तर मरणाच्या तपशिलाकडून लक्ष मदतीकडे, माणसांनी केलेल्या कामाकडे वळलं. विषय अरुंद करायचे रस्ते अनेक असतात आणि सगळेच चांगले नसतात. ‘कोणत्या पद्धतीने जीव देतात’ हा पण अरुंदच विषय झाला, पण तो भाषणात येता कामा नये, जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचनांत सुद्धा पद्धतीचं आणि जागेचं वर्णन करू नका, एकच कारण ठोकून देऊ नका आणि मदत कुठे मिळेल ते सांगा असंच म्हटलंय. हेच सगळं वर्गातल्या भाषणाला तसंच्या तसं लागू पडतं.

काळ, जागा, लोकांचा एक गट, एक कायदा, एक औषध, एक संस्था, यातलं काहीही धरून कापता येतं, पण अनुभव असा की ‘एखादी गोष्ट काम कशी करते’ हा कोन संवेदनशील विषयाला बहुतेक वेळा मानवतो. व्यसन घेतलं तर नालॉक्सोन हे औषध घ्या: अफूजन्य द्रव्यांचा ओव्हरडोस झाला, म्हणजे प्रमाणाबाहेर घेतली गेली, की श्वास मंदावतो, ती मेंदूतल्या ज्या रिसेप्टरला (पेशीवरच्या ठरावीक जागेला) चिकटतात त्याच जागी जाऊन नालॉक्सोन त्या द्रव्याला बाजूला सारतं आणि काही मिनिटांत श्वास परत सुरळीत होऊ लागतो, पण त्याचा असर लवकर ओसरतो म्हणून दवाखान्यात न्यावंच लागतं, आणि अमेरिकेत २०२३ साली त्याचा नाकात मारायचा स्प्रे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. एवढं सांगितलं तरी पाच मिनिटं भरतात आणि व्यसनी माणसाला कुणी दोष दिलेला नसतो. नरसंहार हा विषय असेल तर आफ्रिकेतला रवांडा हा देश, आणि रवांडात सुद्धा १९९४ च्या हत्याकांडाचं वर्णन न करता त्यानंतरची ‘गचाचा’ न्यायालयं घेता येतात, तुरुंग इतके भरले होते की नेहमीच्या कोर्टांना खटले आवरेनात म्हणून गावोगावी लोकांमधूनच निवडलेल्या माणसांनी न्यायनिवाडा केला, २०१२ मध्ये ही न्यायालयं बंद झाली. या न्यायालयांवर टीकाही झाली, आरोपींना वकील मिळत नसे, ती टीका पण माहिती म्हणून सांगायची.

कमी करता करता विषय फारच बारीक होऊ शकतो, हेही होतं. भाषणाचा निम्मा वेळ पार्श्वभूमी सांगण्यातच जात असेल किंवा सगळी माहिती एकाच लेखातून घ्यावी लागत असेल तर एक पायरी परत वर यायचं. उलट हेतुवाक्यात ‘आणि’ने दोन वेगळे विषय जोडले असतील तर अजून एकदा कात्री लावायची.

ओळखीच्या माणसाची गोष्ट सांगून विषय छोटा करायचा मोह फार होतो, विशेषतः स्वतःच्या घरातली असेल तर. गोष्ट सांगणारा स्वतः त्यातून सावरलेला आहे का आणि ज्याची गोष्ट आहे त्याने होकार दिलाय का, यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर ती सांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे, नाव बदललं तरी वर्गातल्यांना माणूस ओळखू येतोच. फोटो, व्हिडिओ याबाबत पण तेच, जखमी किंवा मृत माणसाचं चित्र लावून जी शांतता पसरते ती समजल्याची नसते.

आवाका ठरला की तो श्रोत्यांनाही सुरुवातीलाच सांगायचा: ‘मी आज फक्त बातम्यांबद्दल बोलणार आहे, पद्धतींबद्दल काही सांगणार नाही, कुणाला बाहेर जावंसं वाटलं तर खुशाल जा.’ ज्याला भीती वाटत असते तो एवढ्याने जरा सैल होतो, आणि बाकीच्यांनाही कळतं की जे राहिलं ते विसरून राहिलेलं नाही. प्रश्नोत्तरांत कुणीतरी ‘पण तुझं मत काय’ असं विचारतंच, तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक काय म्हणतात ते थोडक्यात सांगावं आणि स्वतःचं मत देणं हे आजच्या भाषणाचं काम नाही असं सरळ म्हणावं. भाषणानंतर कुणी एकटं भेटायला आलं आणि स्वतःबद्दल बोलायला लागलं तर मात्र भाषण, मार्क सगळं बाजूला ठेवून ऐकायचं, आणि त्याला समुपदेशक किंवा विश्वासातल्या मोठ्या माणसापर्यंत पोचवायचं.