तापवून सरळ केलेला चिमटा नव्यासारखा होत नाही

मोटारसायकलचा मागचा चिमटा, म्हणजेच मागचे चाक धरून ठेवणारा स्विंगआर्म, वाकला किंवा तडकला तर तो गॅसवर तापवून सरळ करावा, वरून वेल्डिंगने पट्टी मारावी आणि मग तो नव्यापेक्षाही मजबूत होतो, असा समज जळगाव, धुळे, नंदुरबारकडे वर्षानुवर्षे चालत आला आहे. रावेर-यावलच्या शिवारातून खताच्या गोण्या लादून धावणाऱ्या गाडीसाठी हा समज धोकादायक आहे.

वेल्डिंगचा टाका स्वतः मजबूत असू शकतो. मात्र त्याच्या लगतचा धातू उष्णतेने बदलतो आणि खड्ड्यागणिक ताण येत राहिला की नवी चीर बहुधा टाक्याच्या कडेलाच सुरू होते. ॲल्युमिनियमच्या चिमट्यात प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण उष्णताप्रक्रियेने त्याला दिलेली ताकद पुन्हा तापवल्यावर घटते. शिवाय डोळ्यांना सरळ दिसणारा चिमटा पिळलेला असू शकतो. मग चाक तिरके चालते आणि चेन एका बाजूने झिजते.

तरीही मागचे चाक डोलते एवढ्यावरून चिमटा बदलण्याची घाई करू नये. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चिमटा आडवा हलवून पाहावा. चिमटा चेसीला जोडला जातो त्या सांध्याजवळ खेळ जाणवला तर बहुतेक वेळा बुश, म्हणजे सांध्यातल्या नळीसारख्या कड्या, झिजलेले असतात आणि ते बदलण्याचा खर्च पुष्कळच कमी असतो. चीर किंवा पीळ आढळल्यास मात्र त्याच मॉडेलचा नवा चिमटा नव्या बुशांसह बसवावा आणि सांध्याचा नट कंपनीने ठरवलेल्या टॉर्कनेच, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोरानेच, आवळून घ्यावा.