सोफ्याला विचारलेला चुकीचा प्रश्न

१९७५ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने सोफ्यांसारख्या गादीदार फर्निचरच्या फोमसाठी एक चाचणी सक्तीची केली. उघड्या फोमला छोटी ज्योत १२ सेकंद लावायची, त्याने भडका घेता कामा नये. हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पॉलियुरेथेन फोम पेट्रोलियमपासून बनतो, तो सच्छिद्र असतो आणि एकदा पेटला की काही मिनिटांत खोली विषारी धुराने भरून टाकतो. चाचणीत पास होण्याचा स्वस्त उपाय म्हणजे फोममध्येच अग्निरोधक रसायन मिसळणे. एका राज्यासाठी वेगळा माल काढण्यापेक्षा बऱ्याच उत्पादकांनी तोच फोम इतरत्रही वापरला.

ही रसायने बहुधा ब्रोमीन किंवा क्लोरीनची. ज्योत टिकते ती हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल या अतिक्रियाशील मूलकांच्या, म्हणजे झटकन क्रिया करणाऱ्या कणांच्या, साखळी-अभिक्रियेवर. रसायन तापून फुटले की सुटलेले ब्रोमीन ही मूलके टिपते आणि साखळी तुटते. मात्र ज्वलन अर्धवट राहिल्याने काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त निघते. आगीत माणसे अनेकदा भाजण्याआधी धुरानेच दगावतात, तेव्हा हा सौदा दिसतो तितका फायद्याचा नाही.

शिवाय ही रसायने फोमशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. ती हळूहळू बाहेर येतात आणि घरातल्या धुळीत साचतात. रांगणारे मूल जमिनीवरचे हात तोंडात घालते, त्यामुळे त्याच्या पोटात ती मोठ्यांपेक्षा जास्त जातात. फोममध्ये सर्रास वापरलेल्या पेंटाबीडीई या मिश्रणाची गोष्ट तर विलक्षण आहे. त्याच्या रेणूत ऑक्सिजनने जोडलेली कार्बन-अणूंची दोन कडी (वर्तुळे) आणि त्यांवर ब्रोमीन; थायरॉइडच्या थायरॉक्सिन संप्रेरकातही तशीच दोन कडी, फक्त ब्रोमीनच्या जागी आयोडीन. शरीराची फसगत होते यात नवल ते काय? स्वीडनमध्ये साठवलेल्या मातेच्या दुधाचे नमुने तपासले, तेव्हा १९७२ ते १९९७ या काळात या गटातल्या रसायनांचे प्रमाण साधारण दर पाच वर्षांनी दुप्पट झालेले आढळले. २००९ साली पेंटाबीडीईचे मुख्य घटक स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे टिकाऊ प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, बंदीयादीत गेले.

तोवर पर्याय म्हणून क्लोरीनयुक्त ट्रिस हे दुसरे अग्निरोधक फोममध्ये शिरले होते. मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतला ब्रोमीनयुक्त ट्रिस कर्करोगाच्या धोक्यामुळे १९७७ मध्ये अमेरिकेत बंद झाला, त्याचाच हा भाऊबंद. एक बंद करायचे आणि त्याच कुळातले दुसरे आणायचे, हा खेळ या क्षेत्रात वारंवार झाला आहे.

मूळ घोळ चाचणीतच होता. घरात उघडा फोम कोण ठेवतो? आग आधी वरच्या कापडाला लागते आणि फोमपर्यंत पोहोचते तेव्हा ती छोटी ज्योत राहिलेली नसते. फर्निचरच्या जीवघेण्या आगींचे मोठे कारण तर कापडावर पडून धुमसणारी सिगारेट. हे मान्य करून कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये नियम बदलला: आता धुमसणारी सिगारेट लावून मुख्यतः कापड तपासायचे. ही परीक्षा रसायनाशिवाय, योग्य कापड किंवा अस्तर निवडून पास होता येते. २०२१ पासून हाच निकष अमेरिकाभर लागू झाला. सहज न पेटणारे कापड, स्मोक अलार्म आणि न ओढल्यास आपोआप विझणारी सिगारेट, ही जोडगोळी नव्हे, तिकडी माझ्या मते फोममधल्या रसायनापेक्षा कितीतरी भरवशाची.

म्हणून सगळीच अग्निरोधके हद्दपार करा, असे मात्र मी म्हणणार नाही. विजेच्या सर्किट बोर्डात किंवा विमानाच्या आसनात आग खरोखर आतूनही लागू शकते आणि विमानातून तर पळायला वाटही नसते. अशा ठिकाणी प्लॅस्टिकच्या रेणूंच्या साखळीतच बांधलेली अग्निरोधके किंवा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडसारखी, तापल्यावर पाण्याची वाफ सोडणारी खनिजे वापरता येतात. खनिजे भरपूर मिसळावी लागतात, त्याने प्लॅस्टिक जड आणि ठिसूळ होते, ही त्यांची अडचण.

जुने सोफे अजून घरोघर आहेत. त्यांचे कापड बदलायला काढाल तेव्हा भुगा होऊ लागलेला फोमही बदलून घ्या. धूळ झाडून उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा आणि मुलांचे हात जेवणाआधी धुवा.