बारकी विंग आली कुठून?

मागच्या हिवाळ्यात बेळगावजवळच्या वैजनाथाच्या डोंगरावर मी माझ्या पॅराग्लायडरची विंग, म्हणजे उडायचं कापड, पसरत होतो. शेळ्या घेऊन आलेले एक आजोबा काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत होते. माझ्या मित्राची चोवीस चौरस मीटरची विंग त्यांनी आधी पाहिली होती. माझी चौदाची पाहून म्हणाले, "तुझी बारकी हाय की. शिकाऊ हाईस व्हय?"

मित्र पोट धरून हसला. पण आजोबांचं काय चुकलं? सायकल घ्या, विळा घ्या, ढोलकी घ्या, लहान वस्तू पोराच्या हातात आणि मोठी जाणत्याच्या, हीच जगाची रीत. पॅराग्लायडिंगमध्ये मात्र ती उलटी फिरते. गंमत म्हणजे पुण्याजवळच्या कामशेतला जाऊन नुकतंच शिकून आलेली आमच्याकडची पोरंही तेच विचारतात, "लहानच घेतो की, हलकी पडेल, डोंगर चढायला बरी." हलकी पडेल, हे खरं. बाकीचं समजायला ही बारकी विंग मुळात कशासाठी शिवली गेली ते बघावं लागतं.

पॅराशूट हा शब्द बेळगावला नवा नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र इथं आहे, आणि याच रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनची पुढं दुसरी पॅरा बटालियन झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलजवळ पुंगली पुलाच्या मोहिमेत उतरली ती हीच बटालियन. त्या जवानांच्या डोक्यावर गोल छत्र्या होत्या. गोल छत्री हवा अडवते आणि माणसाला जिवंत खाली आणते, पुढं नेणं हे तिचं काम नव्हे. आमच्या खेड्यांतून अजूनही पॅराग्लायडरला 'छत्री' म्हणतात ते याच ओळखीतून. पण आपण उडवतो ती छत्री नव्हे, तो कापडाचा पंख आहे, आणि त्याचा बाप पतंग बनवणारा होता.

डोमिना जालबर्ट हे त्याचं नाव. जन्म कॅनडातला, काम अमेरिकेत, पतंग आणि बलून बनवण्याचं. त्यानं कापडाचे दोन थर घेतले, मध्ये उभ्या पडद्या शिवून कप्पे पाडले आणि कप्प्यांची तोंडं पुढच्या बाजूला उघडी ठेवली. चालत्या हवेनं कप्पे फुगतात आणि कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. आत एकही काडी नाही. या रचनेचं पेटंट त्याला १९६६ मध्ये मिळालं. बेळगावच्या पतंग महोत्सवात जे अवाढव्य, बिनकाड्यांचे, वाऱ्यानंच फुगणारे पतंग दिसतात ते याच कुळातले. पोराला पॅराग्लायडर समजावून सांगायचा तर मी त्या मैदानावर नेतो, वेगळा धडा लागत नाही.

त्याच सुमाराला डेव्हिड बॅरिश नावाचा अमेरिकन माणूस अंतराळयानं परत उतरवण्यासाठी 'सेलविंग' नावाची छत्री तयार करत होता. १९६५ मध्ये त्यानं न्यूयॉर्कजवळच्या हंटर माउंटनच्या उतारावरून ती उडवूनही पाहिली. पुढं स्कीच्या गावांतून प्रात्यक्षिकं केली, पण लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. कल्पना वेळेआधी आली की असं होतं.

खरी सुरुवात पैशाच्या काटकसरीतून झाली. फ्रान्समधल्या मियुसी गावच्या काही पॅराशूटवाल्यांना नेमक्या जागी उतरण्याचा सराव करायचा होता, आणि दर खेपेला विमानाचं भाडं परवडत नव्हतं. ज्याँ-क्लोद बेताँ, आंद्रे बोन आणि जेरार बोसाँ यांनी जून १९७८ मध्ये कप्प्यांची पॅराशूटं डोंगरावर नेली, पळत सुटले आणि उतारावरून उडाले. विमानच वगळून टाकलं. पुढच्या वर्षी तिथं क्लबही उभा राहिला. फ्रेंचमध्ये या खेळाला 'पारापाँत' म्हणतात, आणि त्यातल्या 'पाँत'चा अर्थ उतार. इंग्रजी नावात तरंगणं आलं, मूळ फ्रेंच नावात उतारच आहे. बारक्या विंगचं सगळं वागणं समजायला हा एक शब्द पुरतो.

पुढं पंखाची दिशा बदलली. १९८५ च्या सुमारास लॉराँ द कालबेरमाटेन या स्विस माणसानं पॅराशूटची नक्कल सोडून डोंगरावरून उडण्यासाठीच म्हणून पंख शिवला, हवा न झिरपणारं कापड आणि न ताणणारे दोरे वापरून. गिर्यारोहकांना त्यात खाली येण्याचा सोपा मार्ग दिसला. २६ सप्टेंबर १९८८ रोजी ज्याँ-मार्क ब्वाव्हाँ एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडाला आणि अकरा-बारा मिनिटांत दुसऱ्या कॅम्पला पोचला. दुसऱ्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या कोसेनला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. स्पर्धा म्हटलं की जास्त अंतर, जास्त वेळ. पंख लांब झाले, कप्पे वाढले, एक मीटर खाली येताना दहा मीटर पुढं जाणाऱ्या विंगा निघाल्या. उतार मागं पडला, थर्मल, म्हणजे तापून वर चढणारी हवा, पुढं आलं. आपण आज 'नॉर्मल विंग' म्हणतो ती या वाटेनं आली.

मग २००० नंतरच्या दशकात आल्प्समधल्या काही स्कीवाल्यांनी गाडी उलटी फिरवली. त्यांना तरंगायचं नव्हतंच. बर्फावरून घसरत जायचं, मध्येच खडकावरून उडायचं, पुन्हा बर्फाला टेकायचं. त्यासाठी आठ-दहा-बारा चौरस मीटरचे पंख निघाले, आणि त्याला स्पीड रायडिंग म्हणू लागले. पायात स्की नसेल तर स्पीड फ्लाइंग. फ्रान्स्वा बोन हे यातलं मोठं नाव. २००९ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतल्या अकोंकाग्वाच्या माथ्यावरून निघून पाच मिनिटांच्या आत खाली आला. स्पीडविंग आणि नेहमीची विंग यांच्यामध्ये मिनीविंग आली, साधारण चौदा ते एकोणीस चौरस मीटरची. तिच्यावर वाऱ्याच्या जोरात डोंगराला धरून उडताही येतं आणि झपकन खालीही येता येतं. माझी त्यातलीच.

थोडक्यात, बारकी विंग खाली येणाऱ्या माणसानं खाली येण्यासाठी केली, तीही बर्फावर. आमच्याकडं बर्फ कुठला? वैजनाथाला काय, यळ्ळूरच्या राजहंसगडाला काय, खाली जांभा आहे आणि करवंदीच्या जाळ्या आहेत. तिथली चूक बर्फात घसरत थांबेल, इथली जांभ्यावर आपटते.

आता जरा हिशोब. मी, हार्नेस (बसायचे पट्टे), हेल्मेट, विंग धरून ९० किलो. चोवीस चौरस मीटरवर प्रत्येक मीटरला पावणेचार किलो भार येतो, चौदावर साधारण ६.४ किलो. वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे मोठी विंग ताशी ३८ किलोमीटरनं जात असेल तर तीच घडण लहान केल्यावर ५० च्या घरात जाते. बाराचाच तर फरक, असं वाटतं. पण आदळण्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, ती १.७ पट झालेली असते. शिवाय बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. विरळ हवेत वेग आणखी थोडा चढतो, एप्रिलच्या उन्हात अजून थोडा.

दुसरी गोष्ट दोऱ्यांची. लहान विंगचे दोरे आखूड. आखूड दोरीचा झोका भराभर हलतो, हे कुठलंही पोर सांगेल. मोठ्या विंगवर एका बाजूचा ब्रेक, म्हणजे मागच्या कडेची दोरी, ओढला तर ती विचार करून वळते. बारकी ओढल्याबरोबर वळते, वळता वळता नाक खाली घालते आणि उंची खाऊन टाकते. स्पीड फ्लाइंगमधले बरेच वाईट अपघात विंग मिटल्यामुळं होत नाहीत. विंग नीट फुगलेली असते, सांगितलं ते करत असते, फक्त वळण पुरं व्हायच्या आत जमीन येते. रिझर्व्ह, म्हणजे राखीव छत्री, उघडायलाही उंची लागते, आणि एवढ्या खाली ती नसते. मी स्वतः एकदा 'अजून एक वळण बसतंय' म्हणून बसवलं. बसलं नाही. घोटा सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता, आणि चूक विंगची काडीमात्र नव्हती.

तिसरा मोह वाऱ्याचा. माळावर वारा सुटला की मोठ्या विंगवाले पिशवीवर बसून शेंगा सोलतात आणि बारकीवाल्याला वाटतं, आता आपली पाळी. पुढं सरकण्यापुरता वेग तिला असतो, हे खरं. पण विंग लहान झाली म्हणून भोवरे लहान होत नाहीत. वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि डोंगराच्या पाठीमागं जी घुसळण होते तीही त्याच हिशोबानं. पूर्वेचा वारा असताना पश्चिमेच्या उतारावर सगळं शांत वाटतं. त्या शांततेवर मी विश्वास ठेवत नाही.

नियमांचीही एक गंमत आहे. युरोपात विंगसाठी दोन वेगळ्या चाचण्या आहेत. ईएन म्हणजे युरोपीय मानक. त्यातल्या ९२६-१ मध्ये पंख आणि दोरे झटका आणि भार सोसतात का, एवढंच पाहतात. ईएन ९२६-२ मध्ये चाचणी पायलट ती मुद्दाम मिटवून, स्टॉल करून (वेग तोडून पंख उडेनासा करून) बघतात आणि ए ते डी असा वर्ग देतात, ए सगळ्यात शांत. पुष्कळ बारक्या विंगा फक्त पहिली चाचणी पास असतात. 'ईएन पास आहे' असं विकणारा सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. विंग तुटणार नाही, एवढंच तो सांगत असतो. ती कशी वागेल हे कागदावर नसतंच. आणि ए वर्गाची छोट्या मापाची विंग घेऊन वर जास्त वजन लटकवलं तर तो ए त्या वजनाला लागू राहत नाही.

आता निगा. या विंगचं मॅन्युअल आल्प्स डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं असतं, त्यात कुसळं नसतात. आमच्या माळावर नोव्हेंबरनंतर गवत वाळलं की कुसळं दोऱ्यांच्या आवरणात शिरतात, कापडाच्या शिवणीत शिरतात. ओढून काढली तर टोक आतच राहतं. मी व्हरांड्यात बसून एकेक दोरा बोटांतून सोडतो, टोचलं की थांबतो, आणि कुसळ आलं त्याच दिशेनं पुढं ढकलून काढतो. भात निघालेल्या शेतात उतरलात तर धसकटांत दोरे अडकतात. अशा वेळी विंग ओढायची नाही, चालत जाऊन सोडवायची. शिवाय इकडं भाताच्या ओलीवर लगेच मसूर, वाटाणा पेरतात. शेत मोकळं दिसलं म्हणून उतरू नये, मालकाला आधी विचारावं. सांबऱ्याचा विमानतळ जवळ असल्यानं आकाशाचीही परवानगी आधी बघावी लागते, ती गोष्ट वेगळी.

कापडाचे खरे शत्रू ऊन आणि ओल. उन्हानं नायलॉनवरचा लेप जातो आणि कापडातून हवा झिरपू लागते. कोरं कापड हातात कुरकुरतं, म्हातारं झालं की धोतरासारखं मऊ पडतं. नक्की मोजायचं तर ठरावीक हवा कापडातून जायला किती सेकंद लागतात ते दाखवणारं यंत्र असतं. सेकंद जितके जास्त, तितकं कापड तरुण. ओलीचं सांगायचं तर जुलैत खानापूरकडच्या घरात भिंतीला बुरशी येते, ती पिशवीतल्या विंगला का सोडेल? ओली विंग घडी घालून ठेवू नये. सावलीत, वाऱ्यावर वाळवावी, साबण लावू नये. लागलंच तर साधं पाणी. घडीआधी कप्प्यांत नाकतोडा राहिलेला नाही ना, ते बघावं. एका रात्रीत तो स्वतःपुरता दरवाजा करून घेतो.

दोरे दोन जातींचे. अरामिड मापाला पक्का, पण सारखा दुमडला आणि उन्हात राहिला की आतून तुटत जातो. डायनिमा वाकण्याला भीत नाही, पण आखडतो. आणि तोही सगळा सारखा नाही. पुढच्या ओळींवर वजन असतं, त्या ताणून राहतात. मागच्या ओळींवर आणि ब्रेकवर भार कमी, त्या आखडतात. मागची कड हळूहळू खाली ओढली जाते, विंग मंदावते आणि स्टॉलच्या जवळ सरकते, तेही पायलटला न कळता. पंखाची पुढून मागची रुंदी जितकी कमी, तितका एकाच सेंटिमीटरनं कोन जास्त फिरतो. म्हणून मोठ्या विंगला चालून जाणारा फरक बारकीला चालत नाही.

मी मोजणी खंडेनवमीला करतो. पाऊस ओसरलेला असतो, उडायचे दिवस समोर असतात, आणि घरात त्या दिवशी अवजारं निघालेलीच असतात. दर दोऱ्याला पाच किलोचा ताण देऊन मापं घेतो आणि मॅन्युअलच्या तक्त्याशी लावतो. गेल्या खेपेला मागच्या ओळीचा एक दोरा सव्वा सेंटिमीटर आखडला होता, ब्रेकचा दोन. ते आकडे वहीत उतरवत होतो तेवढ्यात आई तबक घेऊन आली. पाना, हातोडी, मोटारसायकल उरकून तिनं हळदीकुंकवाची बोटं विंगकडं नेली. मी घाईघाईनं हेल्मेट पुढं केलं.