नदीदेवता

नदीदेवता : नदीचा उगम, प्रवाह किंवा पूर यांना देव वा देवी मानून केलेली कल्पना, आणि तिच्याभोवती जमलेल्या कथा, विधी व मूर्ती. आभाळाची देवता दूरदूरच्या लोकांची एकच असू शकते. नदीदेवता एका खोऱ्याची असते आणि तिथल्या पाण्याची खोड तिच्या अंगात उतरते.

नाशिकला गोदावरीला रोजच्या बोलण्यात ‘गंगा’च म्हणतात. ‘गंगेवर जाऊन आलो’ म्हणजे रामकुंडाच्या बाजूला जाऊन आलो. त्यामागे गौतम ऋषींची कथा आहे. त्यांच्या शेतात गाय शिरली. त्यांनी दर्भाच्या काडीने ती हाकलली आणि गाय तिथेच मेली. गोहत्येचे पातक फिटावे म्हणून त्यांनी ब्रह्मगिरीवर तप करून शिवाकडे गंगा मागितली. शिवाने जटा आपटल्या ती जागा डोंगरावर आजही दाखवतात. उतरलेली गंगा मात्र एका जागी ठरेना, इथे प्रकट व्हायची, तिथे गुप्त व्हायची. अखेर गौतमांनी कुश टाकून तिला अडवले, तेच त्र्यंबकेश्वरचे कुशावर्त. सह्याद्रीच्या उतारावर झरा मध्येच मुरतो आणि खाली पुन्हा निघतो. तो पाहिलेल्या माणसाला ही कथा रचणाऱ्यांची नजर किती पक्की होती ते कळेल.

रामकुंडावरचे गंगा-गोदावरी मंदिर बारा वर्षांनी, सिंहस्थातच उघडते. त्या काळात गंगा गोदावरीच्या भेटीला येते अशी श्रद्धा आहे. एरवी लोक बंद दारालाच हात जोडतात.

भारतात नदी बहुतेक स्त्रीच आहे. ब्रह्मपुत्र आणि शोण हे ‘नद’ त्याला अपवाद. ऋग्वेदाच्या १०व्या मंडलातील नदीसूक्तात नद्यांना नावे घेऊन हाक मारली आहे. गुप्तकाळापासून देवळांच्या दारांशी मकरावर गंगा आणि कासवावर यमुना दिसू लागतात. वेरूळच्या कैलास लेण्यात गंगा, यमुना व सरस्वती एकत्र उभ्या आहेत. पण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पाण्याची खरी मालकी साती आसरांची, म्हणजे सात जलदेवतांची. डोहाच्या किंवा विहिरीच्या काठाला शेंदूर फासलेले सात दगड, समोर हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, खण. त्यांना मूर्ती नाही, मोठे पुराण नाही, तरी ‘आसरा लागल्या’, म्हणजे त्यांनी झपाटले, म्हटले की सगळ्यांना कळते. मूर्तिशास्त्राच्या ग्रंथांत त्यांना जेवढी जागा मिळते, त्याहून कितीतरी जास्त मिळायला हवी.

ग्रीकांकडे उलट. तिथे नद्या ओशनस हा जलदेव व त्याची पत्नी टेथिस यांचे मुलगे. अकेलोअस हा नदीदेव बैलाच्या रूपात हेराक्लीस या वीराशी झुंजतो आणि शिंग गमावतो. ट्रॉयच्या युद्धात स्कामँडर नदी प्रेतांनी तुंबते, तेव्हा चिडून अकिलीस या ग्रीक योद्ध्याचा पाठलाग करते. पावसाने एकदम फुगणाऱ्या नदीला बैलाचे रूप सुचणे स्वाभाविक आहे. आयर्लंडची बोआन निषिद्ध विहिरीपाशी गेली. पाणी उसळून तिच्या मागे धावले, ती बुडाली आणि त्या पाण्याची बॉइन नदी झाली. गौतमांनी पाणी अडवले, इथे पाण्याने तिला गाठले. फ्रान्समधील सीन नदीची देवी सिक्वाना हिच्या उगमाशी लोक नवस म्हणून हात, पाय, डोके अशा अवयवांच्या लाकडी प्रतिकृती वाहत. आपल्याकडे देवाला चांदीचे डोळे वाहतात, त्यातलाच हा प्रकार. नायजेरियातील ओशून नदीच्या देवीची पूजा तर आजही जिवंत आहे. ओशोग्बो येथील तिची देवराई २००५पासून जागतिक वारसा आहे.

भीतीचा चेहरा चीनच्या हबोचा. पीत नदीच्या या देवाला दरवर्षी एक मुलगी ‘नवरी’ म्हणून बुडवत. कथा अशी की शीमेन बाव नावाच्या अधिकाऱ्याने ‘ही नवरी चांगली नाही, देवाला निरोप सांगून या’ म्हणत त्या कामातल्या म्हाताऱ्या भगतिणीलाच पाण्यात ढकलले, आणि मग लोकांकडून कालवे खणून घेतले.

इजिप्तमध्ये पूजा झाली ती मुख्यतः नाईलच्या पुराची. त्याचा देव हापी पुरुष असून त्याला ओघळलेले स्तन व सुटलेले पोट दाखवतात, कारण पूर म्हणजे गाळ आणि गाळ म्हणजे धान्य. पूर मोजायला पायऱ्या आणि खांब होते. कैरोच्या रोडा बेटावरचा अष्टकोनी खांब इ.स. ८६१चा. रोमन लेखक प्लिनी पुराचे माप हातांत सांगतो : १२ हात पाणी म्हणजे दुष्काळ, १३ला उपासमार, १४ला आनंद, १५ला निर्धास्ती, १६ला चैन.

नाशिकचा असा खांब म्हणजे गोदापात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला लागले की गावाला पुराचा अंदाज येतो. पाणी आणखी चढले की काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेला ते लागेल का, अशी चर्चा निघते. १९७०मध्ये आस्वानचे मोठे धरण पुरे झाले आणि हापीचा पूर थांबला. इथे वरच्या अंगाला गंगापूर धरण आहे, विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये जाहीर होतात. तरी श्रावणात पाऊस लागला की घाटावर राहणाऱ्या नातेवाइकाला फोन जातो : ‘मारुतीला पाणी कुठपर्यंत आलंय?’