कॅलेंडरवरचं ‘गीतासार’ गीतेत आहे का?

“जे झालं ते चांगलं झालं, जे होईल तेही चांगलंच होईल.” इंदूरच्या दुकानांत हिंदीत टांगलेलं हे ‘गीतासार’ आपल्या मराठी ग्रुपांवरही ‘भगवद्गीता’ म्हणून फिरतं.

गीतेत असा श्लोक नाही. तपासायला सोपं आहे: १८ अध्याय, सुमारे ७०० श्लोक, प्रत्येकाला क्रमांक. फॉरवर्डात तो क्रमांक नसतो. देवघरातली सार्थ गीता काढून चाळा. गैरसमज होणं साहजिक आहे, जन्मलेल्याला मृत्यू अटळ (२.२७) अशा ओळींचा सूर जवळचाच वाटतो. शिवाय दुःखात त्या वाक्याने धीर येतो, तो काही खोटा नाही.

पण अर्जुन धनुष्य टाकून बसलाय. त्याला ‘होईल ते बरंच’ म्हटलं असतं तर तो बसूनच राहिला असता! २.४७ मधलं ‘मा फलेषु कदाचन’ सगळ्यांना पाठ. त्याच श्लोकाचा शेवट मात्र ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’, म्हणजे काहीच न करण्याचीही ओढ नको. मग करायचं कशासाठी? ३.२० मध्ये उत्तर आहे: लोकसंग्रहासाठी, आपल्यापलीकडच्या चार लोकांची घडी सावरून धरायला. मला विचाराल तर कॅलेंडरवर छापायला हवा होता तो हा शब्द. ३.२५ मध्ये तो पुन्हा येतो.