सोडतीची चिठ्ठी आणि गावचा हापसा

आरक्षण सोडत झाली की सोलापुरात एक वाक्य ठरलेलं असतं, "सीट बाईला सुटली, आता कारभार नवराच बघणार." सात रस्त्याला ऐका नाहीतर मोहोळच्या स्टँडवर, चहाबरोबर हे वाक्य येतंच. त्यात तथ्य नाही असं नाही, सरपंचपती आपण सगळ्यांनीच पाहिलेत, खुर्चीवर ताई आणि माईकवर दादा. पण त्याच्या पुढचं जे असतं ना, "म्हणून आरक्षणाने काहीच फरक पडत नाही", ते मात्र तपासता येतं. तपासलंय पण. आणि ज्या पद्धतीने तपासलंय ती पद्धत मला इतकी आवडते की बाकीचं थोडक्यात उरकून तिच्यावरच जास्त लिहिणारे, आधीच सांगतो.

साधा माणूस काय करेल? बाई सरपंच असलेली गावं घेईल, पुरुष सरपंच असलेली घेईल आणि पाण्याची सोय कुठे बरी ते बघेल. हे चुकीचं. कारण खुल्या जागेवर बाई जिथे निवडून आली ते गाव मुळातच वेगळं असू शकतं, तिथे मुली जास्त शिकल्या असतील, बचत गट जोरात असतील, एखादा जुना जाणता नेता पाठीशी असेल. मग पाणी बाईमुळे आलं की या सगळ्यामुळे, कसं सांगणार?

इथे 73वी घटनादुरुस्ती कामाला आली. 1993 पासून पंचायतीच्या एक तृतीयांश जागा आणि सरपंचपदं महिलांना राखीव झाली (आपल्या महाराष्ट्रात 2011 ला निम्मी). राखीव गाव कुठलं हे गावाच्या गुणांवर ठरत नाही. पश्चिम बंगालमध्ये पंचायतींची अनुक्रमांकाने यादी लावून दर तिसरी राखीव केली होती, राजस्थानात चिठ्ठ्या काढून. म्हणजे चांगलं गाव, वाईट गाव, डांबरी रस्त्यावरचं, आडबाजूचं, सगळी दोन्हीकडे सारखीच विखुरली जातात. आणि खरी मजा इथे आहे, फक्त आपण मोजलेल्या गोष्टीच नाही तर ज्या मोजायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही त्या पण सरासरीने सारख्या वाटल्या जातात. नवीन औषधाची चाचणी याच तत्त्वावर चालते. सोडतीआधी ज्योतिषाला वॉर्ड विचारणारे इच्छुक असतात, त्यांना एकच सांगणं, ती चिठ्ठी आधी कुणाला कळत असती तर हे संशोधनच बाद झालं असतं.

राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो (2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी एक) यांनी बंगालचा बीरभूम आणि राजस्थानचा उदयपूर अशा दोन जिल्ह्यांतल्या 265 पंचायती घेतल्या, 2004 ला निबंध आला. आता सरपंचपतीचा मुद्दा बघा. सगळं नवराच करत असेल तर राखीव आणि बिनराखीव गावात कामं सारखीच निघायला पाहिजेत, सही कुणाची याच्याशी हापशाला काय देणंघेणं! पण कामं वेगळी निघाली. दोन्हीकडे राखीव गावात पिण्याच्या पाण्यावर जास्त काम. रस्त्याचं बघा, बीरभूमच्या राखीव गावांत रस्ते जास्त, उदयपूरला कमी. उलटसुलट वाटतं, पण त्यांनी गावातल्या बायका-पुरुषांनी केलेल्या तक्रारी आणि मागण्याही तपासल्या होत्या. बीरभूमच्या बायका पाणी आणि रस्ता दोन्ही मागत होत्या, रस्त्याच्या कामावर त्यांना मजुरी मिळायची, उदयपूरला रस्ता ही पुरुषांची मागणी होती. म्हणजे बाईला पाण्याची उपजत माया वगैरे काही नाही, जिथल्या बायकांनी जे मागितलं तिकडे काम सरकलं.

एक तांत्रिक गोष्ट, कंटाळा आला तर हा पॅरा सोडा. चिठ्ठी गावाची निघते, माणसाची नाही. त्यामुळे एका गावात शंभर जणांना प्रश्न विचारले तरी शंभर स्वतंत्र पुरावे होत नाहीत, एकाच परातीतल्या पिठाच्या दहा भाकऱ्या खाऊन दहा घरची चव कळत नाही तसं. म्हणून आपला अंदाज किती चुकू शकतो ते काढताना एका गावातली उत्तरं एकमेकांसारखी असणार हे धरावं लागतं, ज्याला क्लस्टरिंग म्हणतात, ते केलं नाही तर नसलेला फरकही ठळक दिसतो. पंचायतींची संख्या महत्त्वाची ती यासाठी.

पुढे 2009 च्या एका अभ्यासात बंगालच्या गावकऱ्यांना प्रधानाचं (तिकडे सरपंचाला प्रधान म्हणतात) भाषण ऐकवलं, मजकूर तोच, काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. जिथे कधीच बाई प्रधान नव्हती तिथल्या पुरुषांनी तेच भाषण बाईच्या आवाजात कमी दर्जाचं ठरवलं. राखीव गावात हा फरक जवळपास गेला. गंमत म्हणजे नेता म्हणून कोण आवडेल विचारलं तर उत्तर मात्र पुरुषच, आवड बदलली नाही, मोजमाप बदललं! आणि दोनदा राखीव राहिलेल्या ठिकाणी खुल्या जागांवरही बायका जास्त उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. मुंबई महापालिकेतही तसंच दिसलं, 1997 ला राखीव असलेले वॉर्ड 2002 ला खुले झाल्यावर तिथून बाई निवडून यायची शक्यता सुमारे पाचपट होती.

पण लगेच "महिला आल्या, भ्रष्टाचार गेला" असले फॉरवर्ड पाठवू नका. बंगालमध्येच संशोधकांच्या दुसऱ्या एका गटाने बघितलं तर अनुसूचित जातीजमातींच्या घरांपर्यंत लाभ पोचण्यात सुधारणा सापडली नाही. शिवाय आकडे फसवे असतात, आरक्षण आल्यावर महिलांवरच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत 46 टक्के वाढ दिसली, 2012 चा अभ्यास आहे. आकडा बघून आरक्षणाला शिव्या द्याल, पण संशोधकांनी तपासलं तर मुख्य कारण हे की बायका तक्रार द्यायला पुढे आल्या आणि पोलिसही नोंदवून घ्यायला लागले.

आता सोलापूर शहरात असं काही करता येईल का? अवघड आहे. 2017 ला 102 जागा, 26 प्रभाग, त्यातले 24 चार सदस्यांचे, निम्म्या जागा महिलांना. म्हणजे बिनमहिलांचा प्रभागच उरत नाही, तुलना कशाशी करणार? जिल्ह्यात मात्र हजारच्या वर ग्रामपंचायती आहेत आणि सरपंच गावाला एकच असतो. जुन्या सोडतींच्या याद्या तहसीलला असतात, पंचायतीचा खर्च कागदावर असतो. अनुसूचित जातींचं आरक्षण लोकसंख्येच्या क्रमाने लागतं, ती गावं वेगळी काढावी लागतील आणि आधीच्या वेळी राखीव होतं की नाही तेही धरावं लागेल. विद्यापीठात संख्याशास्त्र करणाऱ्या कुणी सांगोला आणि मंगळवेढा असे दोनच दुष्काळी तालुके घेतले तरी प्रोजेक्टला पुरेल, फक्त सरपंचांच्या मुलाखतीपासून सुरुवात करू नका, नळ आणि हापसे मोजण्यापासून करा.